माझ्या आबांची मुलाखत म्हणे दुसऱ्याच कुणी घेतली!

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

२०१० साली मी एम.फिल. करत होते (तेव्हा एम.फिल. नावाचं काहीतरी असायचं). विषय फड पद्धत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांचे जुने बंधारे आहेत. त्यांवरून निघालेल्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी कुणाला कधी, हे गाव ठरवतं. त्यासाठी पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसं नेमलेली, त्यांचा मोबदला धान्यात. पुस्तकात हे दोन पानांत संपतं. मला त्या माणसांशी बोलायचं होतं.

साक्री तालुक्यात एक आबा भेटले. वय ८४, दोन पिढ्यांचे पाटकरी. पहिल्या तीन खेपांना त्यांनी मला फक्त चहा पाजला. चौथ्या खेपेला बोलायला लागले ते थांबेनात. त्यात पाणीचोरीचं एक जुनं भांडण निघालं, ज्यातली समोरची पार्टी गावात हयात होती. म्हणून त्यांनी अट घातली, माझं नाव लिहायचं नाही. मी लिहिलं नाही. त्यांना ‘सुपडू आबा’ असं नाव दिलं. सुपडू हे माझ्या आजोळी दूध घालायला येणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव. म्हणजे सुपडू आबा नावाचा पाटकरी या पृथ्वीतलावर कधीच नव्हता, तो फक्त माझ्या प्रबंधात होता.

खरे आबा २०१४ साली गेले. दहाव्याला मी गेले होते.

गेल्या महिन्यात भाचीला प्रकल्पासाठी काहीतरी शोधून देत होते. शोधगंगेवर (पीएच.डी.चे प्रबंध ठेवतात ती वेबसाइट) एक पीएच.डी.चा प्रबंध सापडला, २०१९ चा. चौथं प्रकरण उघडलं आणि समोर सुपडू आबा! ‘वय ८४’. खाली लिहिलंय, ‘प्रस्तुत संशोधकाने मार्च २०१७ मध्ये प्रत्यक्ष भेट घेऊन केलेली मुलाखत’. माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत त्याचं वय एका दिवसानंही वाढलं नव्हतं.

माळ्यावरून माझी काळ्या रेक्झिनची प्रत काढली आणि शेजारी ठेवून बघितलं. सलग अकरा पानं. पाटाचा नकाशा मी हाताने काढला होता, त्यात उत्तर दिशेचा बाण चुकला होता. त्यावरून व्हायवात सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती मी. या प्रबंधात तोच नकाशा संगणकावर सुबक काढलाय. बाण तसाच, पूर्वेकडे तोंड करून.

बदललंय ते एवढंच. आबांचं एक वाक्य मी अहिराणीतच ठेवलं होतं: “पाणी कोना बापनं नही, पाळीनं शे.” त्याचं केलंय, ‘पाणी हे कोणाच्याही वडिलांचे नसून ते पाळीचे आहे.’

सोबत प्लॅगचा (उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट जोडलेला आहे. साम्य सात टक्के. सगळं कसं नियमात.

संबंधित विभागाला मेल केला. उत्तर नाही, पण एका गृहस्थांचा फोन आला. आवाज अगदी प्रेमळ. “मॅडम, तुमचं ते एम.फिल. कुठे छापून आलंय का? नाही ना? मग चोरी कसली?”

मी शाळेत शिकवते, पीएच.डी. केली नाही, करायचीही नाही. मला त्यातून काही मिळवायचं नाहीये. पण झोप लागत नाही हे खरं. काय करावं?

---

बोरूबहाद्दर

ताई, वाचून चिडचिड झाली. देहूत सालोमालो होता म्हणतात, तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून गायचा. तुकोबांनी त्याला अभंगातच घेतलाय: “अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें ॥” साडेतीनशे वर्षं झाली, सालोमालोची आता पीएच.डी. झाली इतकंच.

---

सुलभा_मास्तरीण

पांझराकाठ, आधी एक घट्ट मिठी.

मी ज्युनिअर कॉलेजला आहे. पर्यावरणाचे प्रकल्प तपासते, दरवर्षी दीडशेच्या आसपास. त्यातले शंभर एकमेकांची भावंडं असतात. एका मुलाने ‘आमच्या परिसरातील जलप्रदूषण’ या प्रकल्पात मराठी विकिपीडियाचं पान जसंच्या तसं हाताने उतरवलं होतं, सुवाच्य अक्षरात, समासाला लाल रेघ मारून. आणि मधेच, वाक्याच्या ओघात, ‘संदर्भ हवा’. चौकटी कंसासकट! तीन ठिकाणी. मी विचारलं, बाळा हे काय? म्हणाला, “मॅडम तिथे होतं.”

हसू आलं आणि मग वाईट वाटलं. कारण त्याने फसवलं नव्हतं हो. त्याला खरोखरच वाटत होतं की प्रकल्प म्हणजे उतरवणं. हे त्याला कुणी शिकवलं? आपणच. पाचवीपासून निबंध पाठ करून घेतो. ‘फुटक्या घड्याळाचे आत्मवृत्त’ वर्गातल्या साठही मुलांचं एकच असतं. त्यात घड्याळ आजोबांनी मुंबईहून आणलेलं असतं. मुंबईतल्या मुलांच्या वहीतसुद्धा! जो स्वतःच्या मनाने लिहितो त्याला शुद्धलेखनासाठी मार्क कापले जातात, जो पाठ करतो त्याला शेरा ‘छान’.

तुमचा तो डॉक्टर माझ्या या पोरासारखा नाही, हे कळतंय. बाण चुकलेला नकाशा सुबक काढणारा माणूस भाबडा नसतो. पण त्याची सुरुवात माझ्या वर्गात झाली असणार.

---

स्पष्टबोल्या

सगळे एका सुरात रडताहेत म्हणून दुसरी बाजू. शिव्या द्या हवं तर.

सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) दहा-बारा वर्षं तासिका घेणाऱ्या माणसाला विचारा पीएच.डी. म्हणजे काय असते. पगार तासावर, तोही वर्षाअखेरीस. घरी लेकरं. नियम दर दोन वर्षांनी बदलतात: २०१८ ला म्हणाले विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. हवीच, मग मुदतवाढ, मग २०२३ ला म्हणाले नेट-सेट पुरे. तोवर ज्यांनी कर्ज काढून फी भरली त्यांचं काय? गाइड सहा-सहा महिने प्रकरण वाचत नाहीत. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते घेतो. आणि खरं सांगा, पाणीवाटपाची माहिती कुणाच्या मालकीची असते का? आबांनी तुम्हाला सांगितली, तुम्ही लिहिली, त्याने पुढे नेली. ज्ञान वाहतं राहिलं पाहिजे. तुमच्याच आबांचं वाक्य आहे की, पाणी कुणाच्या बापाचं नाही.

---

पांझराकाठ

@स्पष्टबोल्या, सीएचबीचं सगळं मान्य. माझा सख्खा भाऊ त्यातच आहे.

पण आबांचं वाक्य अर्ध्यावर तोडू नका. पुढे ‘पाळीनं शे’ असं आहे. पाणी कुणाच्या बापाचं नाही म्हणजे कुणीही रात्री येऊन पाटाचं दार उघडावं असं नाही. ज्याची पाळी त्याने घ्यायचं, आणि कुणाची पाळी होती हे पाटकऱ्याला तोंडपाठ असायचं. तुम्ही जे सांगताय त्यालाच आबा चोरी म्हणायचे, आणि ते भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं.

त्याने माझी माहिती वापरली याचं काही नाही. एक तळटीप टाकली असती, ‘अमुक यांचा अप्रकाशित प्रबंध, पान ४१ ते ५१’, तर मी पेढे वाटले असते. चौदा वर्षांत त्या प्रबंधाचा तो पहिला वाचक असेल! पण त्याने लिहिलं की आबा त्याच्याशी बोलले. बोललेच नाहीत हो. तीन खेपा नुसत्या चहावर काढल्यावर माझ्याशी बोलले ते.

आणि टक्क्यांचं म्हणाल तर: २४० पानांत ११ पानं, म्हणजे पाच टक्केही होत नाहीत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षाच नाही असा नियम आहे ना? म्हणजे त्या यंत्राने माझं एकूण एक वाक्य पकडलं असतं तरी निकाल हाच, ‘किरकोळ साम्य’.

---

डीटीपीवाला_काका

आता मी तोंड उघडतो. आयडी जुना आहे, ओळखणारे ओळखतील, इलाज नाही.

वीस वर्षं एका कॉलेजसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. बाहेर पाटी, ‘प्रोजेक्ट तयार करून मिळतील’. बी.ए., बी.कॉम., बी.एड., सगळ्यांचे. संगणकात विषयवार फोल्डर. पोरगं आलं की विषय विचारायचा, फाइल उघडायची, मुखपृष्ठावरचं नाव, रोल नंबर, वर्ष बदलायचं, स्पायरल मारून द्यायचं. बचत गटांचा एक प्रोजेक्ट मी माझ्या हिशेबाने चाळीस वेळा तरी विकला. त्यातल्या सर्वेक्षणात पन्नास बाया होत्या. त्या पन्नास बायांची वयं, उत्पन्न, मुलं मला आजही पाठ आहेत. खऱ्या होत्या की नव्हत्या, देव जाणे.

एकदा घाईत ऋणनिर्देश बदलायचा राहिला. बी.एड.चं पोरगं, मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याच्या प्रोजेक्टमध्ये छापून गेलं, ‘माझे पती व सासूबाई यांच्या सहकार्याशिवाय हे कार्य पूर्ण झाले नसते’. प्रोजेक्ट पास झाला. बी प्लस! म्हणजे कुणी उघडलाच नाही.

पांझराकाठ ताई, तुमचं सात टक्क्यांचं गूढ सांगतो. या सॉफ्टवेअरला जे वाचता येतं त्याच्याशीच ते ताडून बघणार. तुमची प्रत रेक्झिनमध्ये, कपाटात. ती त्याच्या लेखी जन्मालाच आलेली नाही. हे पहिलं.

दुसरं जास्त गंमतीचं. मराठीतले पुष्कळ प्रबंध युनिकोडात नसतात, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेले असतात. डोळ्यांना देवनागरी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघा, नुसता कचरा येतो. सॉफ्टवेअरला तो कचराच दिसतो, आणि कचऱ्याचं कशाशी साम्य निघणार? आमच्याकडे लोक मुद्दाम सांगायचे, “काका, युनिकोड नको, जुन्याच फॉन्टात करा, प्लॅग कमी येतो.” काही जण स्कॅन करून चित्रच चढवतात. त्यातून जे सात टक्के येतात ते बहुतेक इंग्रजी सारांशातले.

दुकान बंद करून सहा वर्षं झाली. पोरगी पीएच.डी. करतेय, खरीखुरी. तिचे हाल बघतो तेव्हा ते चाळीस बचत गट आठवतात.

---

खानदेशी_ठेचा

काका _/\_

पाटकऱ्यावर कुणीतरी लिहिलंय हेच आज कळलं. माझे आजोबा जागल्या होते. ताई, प्रबंध वाचायला मिळेल का?

(अवांतर: ‘वडिलांचे नसून’!! बापाचा वडील केला तिथेच हा माणूस खानदेशी नाही हे कळलं.)

---

कलम_सत्तावन्न

पेशाने वकील. इथे सल्ला देत नाही, फक्त गोंधळ थोडा कमी करतो.

फोनवाल्या गृहस्थांचं ‘छापलेलं नाही म्हणजे चोरी नाही’ हे साफ चूक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखन केल्याक्षणी निर्माण होतो. छापायची गरज नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. माझ्या आयडीतलं कलम ५७ सांगतं की हक्क दुसऱ्याला विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

मात्र स्पष्टबोल्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. माहिती आणि कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. पाणीवाटप कसं चालतं ही माहिती सर्वांची. अकरा पानं आणि तो वाकडा बाण ताईंचा.

अजून एक गल्लत नेहमी होते. कॉपीराइटभंग आणि वाङ्मयचौर्य या दोन वेगळ्या गोष्टी. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता, २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. शिकण्यासाठी पुस्तकातल्या प्रकरणांच्या प्रती काढणं चालतं, कारण कायद्यातच शिक्षणासाठी तशी सूट आहे. आणि तिथे मूळ लेखकाचं नाव तसंच राहतं, म्हणजे वाङ्मयचौर्यही नाही. उलट, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकाचा उतारा स्वतःच्या नावावर खपवलात तर कायदा कदाचित काही करणार नाही, पण चोरी ती चोरीच.

कोर्टात जाण्याआधी विद्यापीठाचा रस्ता धरा. यूजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे जुलै २०१८ चे विनियम आहेत. साम्य १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. ही शिक्षा पदवीआधीची. पदवी देऊन झाल्यावर चोरी सिद्ध झाली तर पदवी काही काळासाठी स्थगित ठेवता येते. तक्रार आधी विभागाच्या समितीकडे, मग संस्थेच्या, प्रत्येकीला ४५ दिवस. टक्केवारीत तुमचं प्रकरण बसत नाही हे खरंय. म्हणून तक्रारीत ‘साम्य’ हा शब्दच काढू नका. लिहा: ‘मृत व्यक्तीची मुलाखत घेतल्याचा खोटा दावा’. मृत्यूचा दाखला जोडा. बनावट विदा (डेटा) हा वेगळा आरोप आहे आणि त्याला टक्के लागत नाहीत.

---

राईनकाठचा_राम्या

वरचा प्रतिसाद सोन्याचा आहे.

मी जर्मनीत एम.एस.ला आलो तेव्हा पहिल्याच सेमिनार पेपरला प्राध्यापिकेने बोलावलं. चार वाक्यं एका लेखातून घेतली होती, शेवटी संदर्भयादीत लेखाचं नाव होतं, पण त्या चार वाक्यांना अवतरणचिन्हं नव्हती. तिने कागद पुढे सरकवला आणि विचारलं, यात तुझा आवाज कुठला आणि त्याचा कुठला, पेन्सिलीने रंगवून दाखव. अर्धा तास लागला. मलाच सांगता येईना. इंजिनिअरिंगला आम्ही ड्रॉइंगच्या शीट ‘जीटी’ मारून काढलेल्या, म्हणजे काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट गिरवायची. चार वर्षं काचेखालचा बल्ब हेच माझं शिक्षण!

इथे हे प्रकरण मंत्र्यांनाही सुटलेलं नाही. २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचललेला मजकूर निघाला. प्रस्तावनेची सुरुवातच एका वर्तमानपत्रातल्या लेखातून! नेटवर अनोळखी लोकांनी एकत्र येऊन एकेक पान तपासलं. बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि मार्चमध्ये मंत्रिपद गेलं. तेव्हा शिक्षणमंत्री शावान बाईंनी जाहीरपणे म्हटलं की मला लाज वाटते. दोन वर्षांनी त्यांचीच डॉक्टरेट रद्द झाली, आणि त्यांनाही जावं लागलं. त्यांचा प्रबंध ३३ वर्षांपूर्वीचा होता.

---

सुलभा_मास्तरीण

‘आवाज पेन्सिलीने रंगवून दाखव’. हे मी उद्याच वर्गात करणार.

---

कृष्णविवर

भारतातलंही एक सांगायला हवं. २००२-०३ मध्ये नैनीतालच्या कुमाऊँ विद्यापीठाचे कुलगुरू असलेल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या नावावरचा एक शोधनिबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांच्या निबंधावरून उचललेला निघाला. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, चौकशी झाली, कुलगुरूंना राजीनामा द्यावा लागला. पण त्याआधी हे उघडकीला आणू पाहणाऱ्या त्याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागप्रमुख बाईंना निलंबित केलं गेलं होतं.

पांझराकाठ, घाबरवत नाहीये. शाळेत शिकवता म्हणालात, तुमच्या संस्थेचा आणि त्या विद्यापीठाचा काही संबंध नाही ना, एवढं पाहून घ्या.

---

गुळवेल

आयडीचं कारण आता सांगते. संस्कृत कवी राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त दहाव्या शतकाच्या आसपास या विषयाला सलग प्रकरणं दिली आहेत: शब्द कसा उचलतात, अर्थ कसा उचलतात, कुठवर चालतं, कुठे नाही. हा आपल्याकडचाच म्हणायचा, विदर्भातल्या वत्सगुल्माचं, म्हणजे वाशीमचं, त्याला भारी कौतुक. त्यात एक श्लोक आहे, अर्थ असा: बाकीच्या चोऱ्या काळाबरोबर विरून जातात, वाणीची चोरी मुला-नातवंडांपर्यंत विरत नाही.

आणि लगेच त्याची बायको अवंतिसुंदरी हिचं मत येतं. उचलणारा कवी मनाशी काय काय सबबी सांगतो त्याची यादीच तिने दिलीय. हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. हा दूरदेशीचा, कोण विचारतो. याचा मूळ ग्रंथच आता उरलेला नाही. आणि माझी आवडती: याची भाषा गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी.

ताईंच्या धाग्यात एकूण एक सबब आली. एम.फिल.वाली अप्रसिद्ध, प्रत कपाटात, आणि अहिराणी ती गुळवेल. तिचं द्राक्ष करून ‘वडिलांचे नसून’.

---

स्पष्टबोल्या

@गुळवेल, हे माहीत नव्हतं. ज्ञान वाहण्याबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. सीएचबीबद्दलचं नाही.

बाकी सगळे त्या एका डॉक्टरमागे लागलेत. गाइडचं काय? त्याने साक्रीचं तोंड तरी पाहिलंय का? सही त्याचीही आहे. नियमांत शिक्षा विद्यार्थ्याला, गाइड पुढच्या वर्षी आणखी आठ जण घेतो.

---

यंत्रमाग

आता तर चॅटजीपीटी आहे, सुपडू आबा कुणीही पाच सेकंदांत तयार करेल, मग चोरायची तरी गरज काय?

---

कृष्णविवर

@यंत्रमाग, त्याआधीची पायरी जास्त विनोदी होती. सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी यंत्राकडून समानार्थी शब्द घालून घ्यायचे. २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांचा माग काढला. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं झालं होतं ‘बूझम पेरिल’, म्हणजे ‘उरोज-संकट’! छापून आलं होतं हो, शोधपत्रिकांत. ‘वडिलांचे नसून’ त्याच घराण्यातलं.

---

पांझराकाठ

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, शाळेत युनिट टेस्ट चालू आहेत.

काल साक्रीला जाऊन आले. आबांच्या सूनबाईंनी मृत्यूचा दाखला काढून दिला. त्यांना सगळं सांगितलं तर आधी कळेचना. म्हणाल्या, “मग तो माणूस आमच्याकडे आलाच नव्हता?” नव्हता. “मग आबा काय बोलायचे ते त्याला कसं कळलं?” माझ्या वहीतून. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, चहाला तरी यायचं होतं.

भांडणातली दुसरी पार्टीही गेली म्हणे, २०२० मध्ये. घरच्यांची आता नाव घालायला हरकत नाही. पण मीच अडकलेय: सुपडू हे नाव आहे म्हणूनच चोरी सिद्ध होते. खरं नाव घातलं तर सुपडू जायचा. सध्या दोन्ही ठेवणार आहे.

तक्रार वकीलसाहेबांनी सांगितली तशीच लिहिली. रजिस्टर एडीने गेली, पावती जपून ठेवलीय. संस्थेचा संबंध नाही, कृष्णविवर, पाहून घेतलं. काकांच्या बोलण्यावरून आणखी एक ठरवलंय. माझा प्रबंध युनिकोडात टाइप करून नेटवर टाकायचा, शोधला की सापडेल असा. १३० पानं आहेत. कुणी हात लावेल का?

---

डीटीपीवाला_काका

चाळीस पानं माझी. पैसे विचारू नका.

---

खानदेशी_ठेचा

अहिराणी जिथे जिथे आहे ती पानं माझ्याकडे द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका, बिघडवतील.

---

चिमणचारा

मी ४१ ते ६० घेतली होती, होत आली. ताई, पान ४७, खालून तिसरी ओळ: ‘रात्रीच्या पाळीला आबा कंदील घेऊन ... बसून राहायचे’. मधला शब्द झेरॉक्समध्ये उडालाय. ‘बंधाऱ्यावर’ की ‘सांडव्यावर’?

---

पांझराकाठ

‘सांडव्यावर’. खात्रीसाठी मूळ कॅसेट काढून ऐकली, विभागाच्या रेकॉर्डरवर केलेली, अजून चालते.

एक दुरुस्ती मात्र करा. ‘कंदील’ काढा आणि ‘बॅटरी’ लिहा. टेपमध्ये आबा स्वच्छ ‘बॅटरी’ म्हणताहेत. २०११ मध्ये मीच त्याचा कंदील केला होता, वाचायला बरं वाटावं म्हणून.

त्याच्या प्रबंधातही कंदीलच आहे.